खुर्ची सुटते तेव्हा

निरोप समारंभ थाटात पार पडतो. शाल, श्रीफळ, चांदीचा गणपती, सगळ्या खात्यांच्या सह्या असलेले मोठे कार्ड. 'साहेबांशिवाय या कंपनीची कल्पनाच करवत नाही,' असे कोणीतरी भाषणात म्हणतेच. ऑफिसची गाडी शेवटची घरी सोडायला येते. ड्रायव्हर डिकीतून हारांची पिशवी काढून देतो, वाकून नमस्कार करतो आणि गाडी घेऊन निघून जातो.

पुढच्या सोमवारी सवयीने पहाटे साडेपाचला जाग येते. फिरणे, दाढी, आंघोळ, वर्तमानपत्र, नाश्ता हे सारे साडेआठपर्यंत आटोपते. नवाला गाडी येत नाही. दहाला फोन वाजतो, तो क्रेडिट कार्ड हवे का हे विचारणाऱ्या मुलीचा असतो. अकराला चहा होतो. आणि मग संध्याकाळपर्यंतचा वेळ समोर पसरलेला असतो. तीस-पस्तीस वर्षे ज्याला पाच मिनिटे रिकामी मिळत नव्हती, त्याला आता पाच वाजेपर्यंतचा वेळ कसा काढायचा हा प्रश्न पडतो.

निवृत्तीची चर्चा निघाली की आपल्याकडे बोलणे पैशांवर जाते. भविष्यनिर्वाह निधी किती, ग्रॅच्युइटी किती, म्युच्युअल फंडात किती ठेवावे, आरोग्य विमा कोणता घ्यावा. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण मोठ्या पदावरून उतरलेल्या माणसाचे खरे दुखणे बहुधा पैशांचे नसते. घर झालेले असते, मुले मार्गी लागलेली असतात, बँकेत पुरेशी शिल्लक असते. तरीही माणूस आतून खचतो. असे का व्हावे?

काय हरवते?

१९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन मानसशास्त्र अभ्यासकांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी तयार केली. कोणत्या घटनेनंतर माणसाला स्वतःला किती सावरून घ्यावे लागते, त्यानुसार त्यांनी गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १०० गुणांनी सर्वांत वर होता. नोकरीवरून काढून टाकले जाण्याला ४७ गुण होते आणि सन्मानाने निवृत्त होण्याला ४५. म्हणजे हार घालून निरोप मिळाला काय किंवा हाती राजीनामा मागितला गेला काय, मनाला करावी लागणारी जुळवाजुळव जवळपास सारखीच. या यादीत निवृत्तीचा क्रमांक दहावा लागतो. तरी आपण मात्र तिच्याकडे एक आनंदसोहळा म्हणूनच पाहतो. दुःख करायला वावच ठेवत नाही.

वरिष्ठ अधिकाऱ्याच्या बाबतीत हा धक्का अधिक तीव्र असतो. कारकुनाचे किंवा कामगाराचे आयुष्य सहा वाजता ऑफिसबाहेर पडल्यावर सुरू होई. त्याचा भजनाचा फड असे, कॅरमचा अड्डा असे, चाळीतला गणपती असे. साहेबांचे आयुष्य ऑफिसमध्येच संपत असे. मित्र म्हणजे त्याच धंद्यातले, सुट्टी म्हणजे परिषदेला जोडून घेतलेले दोन दिवस. ज्याने नोकरीला सर्वांत जास्त दिले, त्याच्याकडे नोकरी संपल्यावर सर्वांत कमी उरते.

शिवाय आणखी एक गोष्ट घडलेली असते. लिफ्टचे दार कोणीतरी धरून ठेवते, मीटिंगमध्ये आपल्या विनोदावर सारे हसतात, दिवाळीला घर मिठाईच्या खोक्यांनी भरते. वर्षानुवर्षे हे होत राहिले की हा मान आपल्या व्यक्तिमत्त्वाला मिळतो आहे, असे माणसाला मनापासून वाटू लागते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवाळीत खोक्यांची संख्या पाचावर येते, तेव्हा कळते की त्यांतली बरीचशी खुर्चीला येत होती. हा हिशेब कडू असतो. पण त्यात एक गोडवाही दडलेला आहे. ती पाच खोकी ज्यांनी पाठवली, ती माणसे खरी आपली. त्यांना जपावे.

काम गेल्याचे दुःख फार दिवस टिकत नाही. कामाचा कंटाळा तर अनेकांना आलेलाच असतो. जाते ते दुसरेच. 'सर, तुमचे काय मत आहे?' हे दिवसातून वीस वेळा विचारले जाणे जाते. आपले कोणाला तरी अडते, ही भावना जाते. निवृत्तीनंतर मनाला जी भूक लागते ती हीच, आणि ती नेमकी कशाची आहे हे न ओळखल्यामुळे माणूस ती भलतीकडे भागवू पाहतो.

मधुचंद्राचे दिवस आणि नंतर

पहिले काही महिने बहुतेकांचे छान जातात. अष्टविनायक होते, राहिलेले केदारनाथ होते, परदेशातल्या मुलाकडे तीन महिने होतात. पुस्तकांचे कपाट लागते, मोतीबिंदूचे ऑपरेशन उरकते. रॉबर्ट ॲचली या अमेरिकन अभ्यासकाने १९७० च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले. त्यात या काळाला त्याने मधुचंद्राचा काळ म्हटले आहे. त्यानंतर येतो तो भ्रमनिरासाचा टप्पा. प्रवास संपतात, कपाट लावून होते आणि आता रोजचेच आयुष्य उरते. त्यापुढे नव्याने घडी बसवण्याचा आणि मग स्थिरावण्याचा टप्पा असतो. प्रत्येक जण सगळ्या पायऱ्या चढतोच असे नाही, आणि त्यांचे वेळापत्रकही ठरलेले नसते.

हे माहीत असण्याचा फायदा एवढाच की सहा-आठ महिन्यांनी उदास वाटू लागले, तर 'माझ्यातच काहीतरी बिघडले' असे समजून माणूस घाबरत नाही. हा घाट वाटेत आहेच, तो ओलांडायचा आहे.

मात्र उदासी आणि आजार यांतली रेषा ओळखली पाहिजे. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, नातवंडांतही मन न रमणे, संध्याकाळचा एक पेला दुपारीच सुरू होणे, 'आता जगून काय करायचे' असे शब्द वारंवार तोंडी येणे, हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले तर डॉक्टरांना दाखवावे. आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रश्न सोडवलेल्या माणसाला मदत मागणे सर्वांत जड जाते. म्हणून घरच्यांनीच पुढाकार घ्यावा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

घर म्हणजे शाखा कार्यालय नव्हे

अधिकार गाजवायला ऑफिस उरले नाही की नजर घराकडे वळते. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या का नाहीत? कामवाली साडेनऊऐवजी पावणेदहाला का येते? गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरतो याची नोंद कोण ठेवते? सून फोनवर इतका वेळ कोणाशी बोलते? महिनाभरात घरातले सगळे एखाद्या न संपणाऱ्या तपासणीखाली वावरू लागतात.

पत्नीची बाजू कोणी विचारातच घेत नाही. तीस वर्षे ते दौऱ्यावर असताना तिने मुलांचे ताप काढले, सासूबाईंचे दुखणे केले, शाळा, बँक, प्लंबर सारे निभावले. त्यातून तिने स्वतःचा असा एक दिवसक्रम उभा केला. दुपारची वामकुक्षी, मंगळवारची भिशी, गुरुवारचा भजनवर्ग, मैत्रिणीशी निवांत गप्पा. आता घरात दिवसभर एक माणूस आहे. त्याला अकराला चहा लागतो, एकला गरम पोळी लागते आणि ती बाहेर निघाली की 'कुठे चाललीस, किती वाजता येणार?' हे त्याला विचारायचे असते. निवृत्त एक जण होतो, काम मात्र दुसरीचे वाढते. तिला निवृत्ती कधीच नसते.

हे आपल्याकडचेच नाही. जपानमध्ये १९९१ साली नोबुओ कुरोकावा या डॉक्टरांनी, नवरा निवृत्त झाल्यावर बायकांना जडणाऱ्या तक्रारींना एक नावच दिले, 'निवृत्त पतीचा विकार'. पोटदुखी, अंगावर पुरळ, रक्तदाब अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बायकांचे मूळ दुखणे घरात दिवसभर बसलेला नवरा हे होते. कंपनीलाच घर मानणाऱ्या तिथल्या पिढीतील अशा नवऱ्याला बायका 'सोदाई गोमी' म्हणत, म्हणजे अडगळीचे अवजड सामान. एप्रिल २००७ पासून तिथे घटस्फोटित पत्नीला नवऱ्याच्या पेन्शनमध्ये वाटा मिळण्याचा कायदा लागू झाला. उतारवयातला घटस्फोट हा तिथे चेष्टेचा विषय नाही.

आपल्याकडे गोष्टी त्या थराला सहसा जात नाहीत. बायको सोसते आणि गप्प बसते. पण ते गप्प बसणे समाधानाचे आहे असे समजू नये.

यावर मार्ग सोपा आहे, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो. घरातल्या कामांवर देखरेख करण्याऐवजी एक काम संपूर्णपणे आपल्याकडे घ्यावे. सकाळचा चहा, बाजारहाट, नातवाला शाळेत पोहोचवणे, विजेचे आणि सोसायटीचे बिल, काहीही. पण ते पूर्ण करावे. चहा करायचा तर आलेही आपणच किसायचे आणि पातेलेही आपणच विसळायचे. दुपारचे दोन-तीन तास घराबाहेर किंवा स्वतःच्या खोलीत काढावेत, म्हणजे पत्नीची दुपार तिला परत मिळते. गुंतवणुकीची कागदपत्रे, वारसनोंद, लॉकरची किल्ली, विम्याची पॉलिसी हे सारे तिला एकदा शांतपणे समजावून सांगावे. व्यवस्थापनाचे कसब वापरायची घरात एवढी एकच योग्य जागा आहे!

स्त्री अधिकारी निवृत्त होते तेव्हा चित्र उलटे असते. बँकेत शेकडो कर्मचारी सांभाळलेल्या बाईला दुसऱ्या दिवसापासून 'आता तू घरीच आहेस ना' हे वाक्य ऐकावे लागते. स्वयंपाकीण कमी केली जाते, नातवंडे सोपवली जातात. तिला रिकामपण छळत नाही, गृहीत धरले जाणे छळते. घरच्यांनी तिच्याही निवृत्तीला निवृत्तीच मानावे.

जुन्या कचेरीची वाट

घरात मन रमले नाही की पाय जुन्या ऑफिसकडे वळतात. 'सहज इकडून चाललो होतो' म्हणून पहिली फेरी होते. सगळे उठून उभे राहतात, चहा येतो. दुसऱ्या फेरीला निम्मे उठतात. तिसऱ्या फेरीला नवा साहेब मीटिंगमध्ये असतो आणि स्वागतकक्षातली नवी मुलगी नाव विचारते, 'कोणाकडे जायचे आहे?'

अमेरिकेतील व्यवस्थापनाचे प्राध्यापक जेफ्री सोननफेल्ड यांनी कंपन्यांचे प्रमुख आपली खुर्ची कशी सोडतात याचा अभ्यास करून १९८८ साली पुस्तक लिहिले. त्यांनी चार प्रकार सांगितले. पहिला राजा, मृत्यू येईपर्यंत किंवा कोणी खाली खेचेपर्यंत तो सिंहासन सोडत नाही. दुसरा सेनापती, तो नाइलाजाने जातो आणि परत बोलावणे येण्याची वाट पाहत बसतो. तिसरा राजदूत, तो आनंदाने पायउतार होतो आणि विचारले तरच सल्ला देतो. चौथा राज्यपाल, मुदत संपली की तो उठतो आणि अगदी वेगळ्या कामाला लागतो.

निवृत्तीनंतर सर्वांत दुःखी असतो तो सेनापती. त्याचा एक कान सतत जुन्या कंपनीकडे असतो. वारसदाराने काय चुकवले, शेअरचा भाव किती घसरला, आपण लावलेली कोणती पद्धत मोडली, याच्या बातम्या तो गोळा करत राहतो. त्या वाईट निघाल्या की त्याला क्षणभर बरे वाटते. इथेच माणसाने स्वतःला थांबवले पाहिजे. आपल्यानंतर काम नीट चालले असेल, तर ते आपण नीट बांधले होते म्हणून, असेही त्याकडे पाहता येते. पहिले वर्षभर तरी जुन्या ऑफिसात बोलावल्याशिवाय जाऊ नये, आणि बोलावले तर दोन तासांत परतावे.

पुन्हा शिकाऊ व्हा

ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा दीर्घकाळ चाललेला 'व्हाइटहॉल' अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यातल्या ३,४३३ जणांची निवृत्तीच्या आधीची आणि नंतरची स्मरणशक्ती तपासून २०१७ साली एक निष्कर्ष मांडला गेला. शब्द लक्षात ठेवण्याची शक्ती वयानुसार कमी होतेच, पण निवृत्तीनंतर ती ३८ टक्के अधिक वेगाने कमी होताना दिसली. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे, नोकरीत असताना वरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांची शक्ती इतरांपेक्षा बरी टिकत होती. निवृत्त झाल्यावर हा फायदा संपला. साहेब आणि कारकून एका रांगेत आले. बुद्धी पदाने टिकत नव्हती, वापराने टिकत होती.

मग ती वापरायची कुठे? जॉर्ज व्हॅलंट या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने, १९३८ पासून चालत आलेल्या हार्वर्डच्या अभ्यासातील माणसांची आयुष्ये तपासली. निवृत्ती सुखाची करणाऱ्या चार गोष्टी त्याने सांगितल्या. सहकाऱ्यांच्या जागी नवे सोबती जोडणे, पुन्हा खेळायला लागणे, काहीतरी स्वतः निर्माण करणे आणि शिकत राहणे. यात कुठेही अधिकार लागत नाही, आणि मोठ्या माणसाची अडचण नेमकी तिथेच असते. त्याला समितीचे अध्यक्षपद दिले तर तो उद्या येईल. सतरंजी उचलायला सांगितली तर येणार नाही.

महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा 'फेस्कॉम' हा महासंघ आहे. इंदूर, बडोदे, दिल्ली, बंगळूरसारख्या शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत. त्यांत जरूर जावे. पण पहिले वर्षभर कोणतेही पद घेऊ नये. खुर्च्या मांडाव्यात, वर्गणीच्या पावत्या फाडाव्यात, दुसऱ्याचे भाषण शेवटपर्यंत ऐकावे. हिशेबात मुरलेल्या माणसाने सोसायटीच्या किंवा छोट्या वाचनालयाच्या जमाखर्चाला हात लावावा. इंजिनिअरने रात्रशाळेत गणित शिकवावे. आणि त्याचबरोबर आपल्याला अजिबात येत नाही असे एखादे काम शिकायला घ्यावे, पेटी, पोहणे, संस्कृत किंवा पुरणपोळी. तिथे शिकवणारी मुलगी पंचवीस वर्षांची असेल आणि ती चुका काढील. हीच खरी गंमत आहे. फोनवरून रेल्वेचे तिकीट काढणे नातवाकडून शिकताना आजोबा जितके त्याच्या जवळ जातात, तितके त्याला उपदेश करून कधी जात नाहीत.

मोठ्या माणसांची उदाहरणे याच दृष्टीने पाहावीत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. नंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण त्यांच्यापाशी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे संस्कृत. 'मेघदूता'चा मराठी अनुवाद करणाऱ्या माणसाला कोणतीही खुर्ची सुटली, तरी हातात काहीतरी उरतेच. ई. श्रीधरन १९९० मध्ये ५८व्या वर्षी रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यानंतर कोकण रेल्वे व दिल्ली मेट्रो उभी राहिली. असे योग सर्वांच्या नशिबी नसतात, आणि त्यांच्याशी तुलना करून स्वतःला कमी लेखण्याचे कारणही नाही. घेण्याजोगी गोष्ट अशी की आवडीचे बीज निवृत्तीच्या आधीच पेरलेले हवे. साठाव्या वर्षी छंद शोधायला निघालेल्या माणसाला तो सहसा सापडत नाही. पंचावन्नाव्या वर्षीच आठवड्यातली एक संध्याकाळ ऑफिसकडून मागून घ्यावी.

घरच्यांनी काय करावे?

बाबा चिडचिडे झाले, असे म्हणून मुले मोकळी होतात. पण त्यांचे अडणे बंद झाले आहे, हे मुलांनी समजून घेतले तर बरेच सोपे होते. त्यांना खोटेखोटे विचारू नये. आयुष्यभर माणसे पारखलेल्यांना ते लगेच कळते. खरोखर अडलेले विचारावे. नोकरी बदलू का, घराचे कर्ज किती वर्षांचे घेऊ, भाडेकराराचा मसुदा वाचून द्याल का? आणि एकदा काम दिले की त्यात लुडबूड करू नये.

सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर वर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो 'जीवन प्रमाण' या सोयीने घरबसल्याही देता येतो. बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवला की सरकारची खात्री पटते. घरच्यांची आणि स्वतःची खात्री मात्र एवढ्यावर पटत नाही. ती रोज सकाळी उठून कोणाच्या तरी उपयोगी पडूनच पटवावी लागते. त्याला ना शिक्का लागतो, ना पद.